केवळाबाईंचं नवं खातं

रेवणसिद्धअप्पांच्या शेजारच्या टेबलावर मी सात वर्षं बसतेय. त्यातली पहिली तीन त्यांना शिव्या घालण्यात गेली, अर्थात मनातल्या मनात. लातूरच्या एमआयडीसीत आमची डाळमिल आहे. शेतकऱ्यांकडून तूर थेट घेतो आणि पैसे थेट त्यांच्या खात्यात पाठवतो. कॉम्प्युटरवर रक्कम भरायची मी आणि मंजुरी द्यायची अप्पांनी. त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाकल्याशिवाय आमच्याकडून एक पैसा हलत नाही. मला भरायला दोन मिनिटं लागतात. अप्पांना मंजुरी द्यायला कधी दोन तास लागतात, कधी दोन दिवस.

जुन्या खात्याचं काही नसतं. पण पार्टीनं नवं खातं कळवलं की अप्पांच्या अंगात येतं. पासबुकाचा फोटो आधी ते स्वतः बघणार, मग नंबर मला मोठ्यानं वाचायला लावणार, मग स्वतः शेवटच्या आकड्याकडून उलटा वाचणार. मग एक रुपया पाठवायचा. मग फोन. तोही मेसेजमध्ये आलेल्या नंबरावर नाही, आमच्या वहीतल्या जुन्या नंबरावर. "रुपया आला का?" असं विचारून खातेदाराचा आवाज कानानं ऐकायचा, नाव-गाव विचारायचं, आणि हे सगळं जुळलं तर उरलेले पैसे. हमाल मागून त्यांना 'रुपयाअप्पा' म्हणतात. अप्पांना ते ठाऊक आहे, आणि मला वाटतं थोडं आवडतंही.

हे सगळं एका जागी बसून केलं असतं तर मी काही बोलले नसते. पण पैसे जायचे असले की हा माणूस बुडाला मुंग्या लागल्यासारखा फिरतो. टेबलापासून वजनकाट्यापर्यंत, काट्यापासून गोदामाच्या दारापर्यंत, परत माझ्या खुर्चीमागं. मानेवर श्वास लागला की मला आकडेही नीट दिसत नाहीत. "अप्पा, बसा हो जरा," म्हटलं की बसतात, आणि मी 'सेव्ह' दाबेपर्यंत पुन्हा उभे.

मूळचे ते उदगीरचे. विसाव्या वर्षी आडत दुकानात लागले, आता चौसष्टीला आलेत. दुधानं तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्यांचं आहे. मिलमध्ये कॉम्प्युटर नवा आला तेव्हा एका शेतकऱ्याचे चाळीस हजार त्याच गावातल्या, त्याच नावाच्या चुलतभावाच्या खात्यात गेले. चुलतभावानं ते खाल्ले आणि हात वर केले. अप्पांनी चौदा महिने पगारातून कापून ते फेडले. मालकांनी मागितले नव्हते, हे विशेष. ती गोष्ट मला त्यांनी कधी सांगितली नाही. मला ती त्यांच्या बायकोकडून, गुरम्माकाकूंकडून कळली, आणि त्यानंतर माझ्या शिव्या थोड्या कमी झाल्या.

तर फेब्रुवारीतला बुधवार होता. लोह्याजवळच्या खेड्यातले रामकिशन नागोराव दर साली आमच्याकडेच तूर घालतात. या खेपेला बत्तीस क्विंटल घातली होती, दोन लाख चोवीस हजार द्यायचे होते. सकाळी त्यांच्याच नंबरावरून मेसेज आला. लिहिणारा त्यांचा मुलगा हरिओम. वडिलांना लकवा मारलाय, नांदेडला दवाखान्यात आहेत, उजवा हात हलत नाही. जुन्या खात्यातून काढायला सही करता येणार नाही म्हणून आईच्या नावानं नवं खातं काढलंय, पैसे त्यात टाका, दवाखान्याचं थांबलंय. सोबत पासबुकाचा फोटो. नाव केवळाबाई रामकिशन, आणि कोपऱ्यात एका म्हाताऱ्या बाईचा घाबरल्यासारखा फोटो.

मला वाईट वाटलं. रामकिशनबापू मोठा गोड माणूस. मिलमध्ये आले की माझ्या टेबलावर मूठभर ओल्या शेंगा ठेवायचे. मी लगेच खातं भरलं. बँकेनं दाखवलेलं नाव जुळलं. रुपया गेला. अप्पांनी जुन्या नंबरावर फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"केवळाबाई बोलून राहिले," पलीकडून बाईचा आवाज आला. "हाव, रुपया आला. मेसेज आलाय."

"कसं हाय आता बापूंचं?"

"हाय तसंच. नांदेडला डॉक्टर लेनमधी ठेवलंय. मी डबा न्यायला घरी आले व्हते."

अप्पांनी दवाखान्याचं नाव विचारून लिहून घेतलं. मग नेहमीचा प्रश्न. "आधीचं खातं कुणाच्या नावानं व्हतं, बाई?"

"रामकिशन नागोराव."

गाव विचारलं, सांगितलं. खातेनंबरही न अडखळता सांगितला. अप्पांनी फोन ठेवला आणि मी ओटीपीची वाट बघत बसले. अप्पा उठून काट्याकडे गेले. परत आले, पुन्हा गेले.

"अप्पा, काय राहिलं आता?"

"काई न्हाई राहिलं."

"मग टाका की ओटीपी. माणूस दवाखान्यात पडलाय."

"टाकतो," म्हणाले, आणि गोदामाकडे चालू लागले.

मला भयंकर राग आला. मृत्युंजयसेठनी, म्हणजे आमच्या मालकांनी, केबिनमधून दोनदा हाक मारली. हरिओमचा त्यांनाही फोन गेला होता. "अप्पा, नाव जुळलं, आवाज ऐकला, आणखी काय बँक मॅनेजर घरी बोलवायचा का? पाठवा! आपलं नाव खराब होतं." अप्पा हो म्हणाले आणि तिथंच उभे राहिले. त्यांनाही कळत नव्हतं काय टोचतंय ते. नुसती चुळबुळ चालली होती. खिशातून मोबाईल काढायचा, बघायचा, परत ठेवायचा.

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. गुरम्माकाकू होत्या.

"शिल्पा, आमचे हायत का गं तिथं? मोबाईल उचलून न्हाई राहिले. गोळी घेतली का इचार."

हा आमचा जुना खेळ. मी स्पीकर लावला. "कोण आमचे, काकू? इथं लई माणसं हायत. नाव सांगा, मग बोलावते."

"चल, वांड कुठली! तुला म्हाईत न्हाई का?"

"न्हाई बा. नाव घ्या की एकदा."

"चाळीस वर्षं न्हाई घेतलं, आता तुझ्यासाठी घेऊ व्हय?" त्या हसत होत्या. मीही हसत होते. अप्पा मात्र दारात थबकले होते. हसले नाहीत.

फोन ठेवल्यावर ते माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "शिल्पा, त्या बाईनं नवऱ्याचं नाव कसं घेतलं?"

"रामकिशन नागोराव, म्हणाली की."

"धडाधड?"

"धडाधड."

"दोन साल झाले, केवळाबाई तुरीसोबत आली व्हती. बापू पोती उतरवायला गेले, म्हणून पावतीवर पुरं नाव काय लिहू म्हणून तिला इचारलं. पदर तोंडाला लावून उभी राहिली. 'तुमाला ठाव हाय की,' म्हणली. शेवटी हमालानं सांगितलं मला." अप्पांनी टेबलावर बोट आपटलं. "ती केवळाबाई न्हाई, शिल्पा."

मला लाज वाटली. मीही लोहा तालुक्यातलीच. माझ्या आईनं माझ्या बापाचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पण मी माझ्या नवऱ्याला दयानंदच म्हणते, भांडताना तर जोरात म्हणते. त्यामुळं फोनवरची बाई चुकली ते माझ्या कानाला लागलंच नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. फोनवर होती ती माझ्याच वयाची कुणीतरी. घरात म्हाताऱ्याचा फोन हाताशी असलेली सून, दुसरं कोण? आणि अप्पांच्या वहीतला जुना नंबर, त्यांचा एवढा भरवशाचा जुना नंबर, तोच तिच्या हातात होता.

"पोलिसात द्या," मी म्हणाले.

"काय सांगू पोलिसाला? नाव खरं, खातं खरं, पासबुक खरं. माणूसबी खराच आजारी असंल." ते चपला घालत होते. "लॅपटॉप घे. नांदेडला जाऊन येऊ."

सेठ केबिनबाहेर आले. "एका पेमेंटसाठी नांदेडला? अप्पा, वेड लागलं का तुम्हाला?"

"लागलं असंल, सेठ."

"आणि हिला कशाला नेताय?"

"बाईमाणसाशी बोलायचंय. आणि रक्कम भरायला ती लागतेच."

सव्वाअकराची एसटी मिळाली. तीन-साडेतीन तासांचा रस्ता, आणि त्यातला निम्मा वेळ अप्पा उभे होते, रिकामी सीट असताना. चाकूरला हरिओमचा फोन. अहमदपूरला पुन्हा. "दवाखान्यावाले थांबून न्हाई राहिले! माझ्या बापाला काई झालं तर तुमच्या दारात आणून ठेवीन!" अप्पा नुसतं "हाव, हाव" म्हणत राहिले. पाणी घ्यायला खाली उतरले तर बस सुटायला लागली. मी ओरडले तेव्हा कंडक्टरनं बेल मारली. चढले ते धापा टाकत, आणि बाटली तिथंच दुकानावर राहिली.

लोहा मागं गेल्यावर ते माझ्या शेजारी टेकले. "पोरी, मी चुकत असलो तर?"

मी लॅपटॉपची बॅग मांडीवर ओढून घेतली.

"एखादी बाई घाबरून घेतेबी नाव. नवरा मरणाच्या दारात म्हणल्यावर कसली लाज? माझ्या संशयापायी त्याचं औषध अडलं असंल तर?" सकाळपासून मीही तेच म्हणत होते ना, की माणूस दवाखान्यात पडलाय. आता तेच वाक्य ते म्हणत होते आणि मला ऐकवत नव्हतं.

दवाखाना सापडला. दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली खाट. रामकिशनबापूंचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. अप्पांना पाहून त्यांच्या डोळ्यांत ओळख आली, तोंडातून नुसता आवाज निघाला. खाटेखाली पोतं अंथरून बसलेली बाई उठून उभी राहिली आणि पदर सावरला. फोटोतलीच बाई.

"मिलवाले का?" ती म्हणाली. "लई लांबून आलात. पण आता काय उपेग. उद्या घरी न्यायचंय ह्यांना."

"बरं वाटायलंय का?" मी विचारलं.

"बरं कुठलं? डॉक्टर म्हणले, म्हैनाभर हितं ठेवा, रोज व्यायाम करून घेतो, चालाया लागतील. पण म्हैन्याचे पैसे कुठून आणावं? हरिओम म्हणला, मिलवाल्यानं तुरीचे दिलेच न्हाईत." मग तिला वाटलं आपण तोंडावरच बोललो. "तुमची बी अडचण असंल म्हणा."

अप्पांचं तोंड पांढरं पडलं. आयुष्यभर कुणाचे पैसे न थकवलेला माणूस तो. ते लगेच फाडकन बोलतील असं मला वाटलं, पण त्यांनी स्वतःला आवरलं आणि एवढंच विचारलं, "बाई, सकाळी तुमी फोनवर माझ्याशी बोललात का?"

"माझ्यापशी फोन कुठं हाय? ह्यांचा फोन घरी, आरतीपाशी. सुनेपाशी."

मी मोबाईलवर पासबुकाचा फोटो उघडून तिच्यापुढं धरला. आपलाच चेहरा पाहून ती जवळ सरकली.

"ह्यो तर माझा फोटू! ह्ये दवाखान्यात पडल्यावर एक दिस लोह्याला नेलं व्हतं पोरानं. अनुदान येणार हाय, अंगठा लागतो म्हणला. दोन-तीन ठिकाणी अंगठा घेतला." ती थांबली. माझ्याकडं पाहिलं, अप्पांकडं पाहिलं. कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती. रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही, खाटेच्या लोखंडी दांडीला हात लावून उभी राहिली. "लोह्यात पलॉट पाहून ठेवलाय त्यानं," ती म्हणाली. "इसार द्यायचाय, इसार द्यायचाय, म्हणून राहिला व्हता. बाप हितं पडला आणि..."

"जुन्याच खात्यात टाकतो," अप्पा म्हणाले. "बापूंच्या."

"आणि काढाया सही कोण करणार? हात बगा त्यांचा. तुमी टाकाल, ते ब्यांकेतच ऱ्हातील, आणि ह्ये उद्या घरी." तिनं पुन्हा मोबाईलकडं बोट केलं. "ह्ये नवं कुणाचं म्हणलं तुमी?"

"तुमचं," मी म्हणाले.

"माझं आणि पोराचं?"

"नाही, काकू. एकट्या तुमचं. कार्ड त्याच्याजवळ असेल, मोबाईल नंबर त्याचा असेल, म्हणून पैसे त्याला काढता येतात. पण खातं तुमचंच."

"मग कार्ड बंद करता येतं का?"

अप्पांनी आणि मी एकमेकांकडं बघितलं. सव्वातीन झाले होते. त्या बँकेची शाखा नांदेडात होती, रिक्षानं दहा मिनिटांवर. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईला नवऱ्याकडं लक्ष द्यायला सांगून केवळाबाई निघाल्या. आधार कार्ड कमरेच्या पिशवीतच होतं. रिक्षात अप्पा दर चौकात मान बाहेर काढून सिग्नल बघत होते, जणू त्यांच्या बघण्यानं तो हिरवा होणार होता.

बँकेत साहेबांनी चेहरा आणि कार्ड ताडून पाहिलं. "एटीएम कार्ड का बंद करायचंय, आजी?"

"हरवलं," केवळाबाई म्हणाल्या. डोळ्याला डोळा भिडवून.

अप्पा शेजारी उभे होते. एका आकड्याचा खोटेपणा न खपवून घेणारा तो माणूस वर पंख्याकडं बघायला लागला.

"आणि हा मोबाईल नंबर?"

"तोबी काढा. माझा न्हाई तो. माझ्या अंगठ्याबिगर काईच निघाया नको, असं करा."

मशिनवर अंगठा ठेवला तर घेईना. शेतात राबून रेषा झिजल्या होत्या. साहेबांनी रुमालानं पुसायला सांगितला, दुसऱ्यांदाही घेतला नाही. अप्पा आता काउंटरपासून दारापर्यंत आणि दारापासून काउंटरपर्यंत फिरत होते, आणि वॉचमन त्यांच्याकडं संशयानं बघत होता. दुसरा अंगठा ठेवल्यावर मशिन वाजलं. कार्ड बंद झालं. नंबर गेला.

बाकावर बसून मी लॅपटॉप उघडला, रक्कम भरली. अप्पा केवळाबाईंच्या समोर उभे राहिले. "बाई, दोन लाख चोवीस हजारांत एक रुपया सकाळी आलाय. बाकीचे पाठवू का?"

"पाठवा," त्या म्हणाल्या.

त्यांनी ओटीपी टाकला. सात वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना असा एका दमात टाकताना पाहिलं. थोड्या वेळानं साहेबांनी नवं पासबुक छापून दिलं. केवळाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी ते माझ्यापुढं धरलं. "माझं नाव कुठं हाय यात?"

मी बोट ठेवलं. त्या बराच वेळ तिथं बघत होत्या.

"रान सासऱ्याचं, मग ह्यांचं, उद्या पोराचं. घर बी तसंच. रेशनकार्डावर बी वर ह्यांचंच नाव," त्या म्हणाल्या. "माझ्या नावानं जन्मात काईतरी झालं, आणि ते पोरानं केलं, मला फसवाया." त्या हसल्या की काय, मला नीट कळलं नाही. मी उगीच लॅपटॉप बंद करायला लागले.

त्यांनी अंगठा देऊन चाळीस हजार काढले, पदरात बांधले आणि आम्ही दवाखान्यात येऊन महिन्याची आगाऊ रक्कम भरली. पावती घेतो तोच अप्पांचा फोन वाजला. हरिओम. दिवसातला नववा फोन असेल. अप्पांनी तो उचलला नाही. केवळाबाईंच्या हातात दिला.

"हरिओम, मी हाय. आई." "पैसे आलेत. माझ्या खात्यात आलेत." पलीकडून त्यानं काहीतरी विचारलं. "न्हाई, कार्डानं न्हाई निघायचे आता. माझ्या अंगठ्यानं निघतेत. दवाखान्याचे भरले." मग पलीकडून आवाज आला, घाईघाईचा, वरच्या पट्टीतला. त्यांनी तो सगळा ऐकून घेतला. "बरं बरं. कुणाला काई सांगितलं न्हाई म्या. डॉक्टर म्हणले, ह्यांना रोज उभं कराया दोन माणसं पायजेत. एक मी हाय. तू सकाळच्या गाडीनं ये."

फोन त्यांनी अप्पांना परत दिला. जिना चढताना अप्पांना राहवेना. "येतो म्हणला का?"

"हाव म्हणला न्हाई. पण येईल," केवळाबाई म्हणाल्या. "पैशासाठी येईल. आला की बापाला बगंल."